आरिकाचे गोल

१९६२ च्या जूनमध्ये, चिलीतल्या आरिका शहरी, रशियाचा गोलरक्षक लेव्ह याशिन संपला, असे पुष्कळांनी धरून चालले. सोव्हिएत संघ ४-१ असा पुढे असता कोलंबियाने सामना ४-४ असा बरोबरीत सोडविला. त्यांतला एक गोल तर मार्कोस कोलने कॉर्नरवरून थेट जाळ्यात घातलेला! पुढे चिलीने २-१ ने हरविले आणि सारे खापर याशिनच्या माथी फुटले. मायदेशी सामने पाहिले होते कोणी? वर्तमानपत्रे लिहितील ते खरे.

वास्तविक हा गडी महायुद्धात पोरवयातच कारखान्यात राबलेला. मॉस्कोच्या डायनॅमो संघात कित्येक दिवस राखीव म्हणून बसला. १९५३ साली बर्फावरच्या हॉकीतही गोल राखून त्याने चषक जिंकला. १९५६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक, १९६० चा युरोपीय चषक, हे सारे जमेस होतेच; पण पराभवानंतर जमेची बाजू कोण पाहतो?

तो खेळत राहिला. १९६३ च्या ऑक्टोबरात वेंब्लीवर, जागतिक संघाकडून इंग्लंडविरुद्ध, पूर्वार्धात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याच वर्षी युरोपच्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘सोन्याचा चेंडू’ त्याला मिळाला. दुसऱ्या कोणा गोलरक्षकास तो आजवर लाभलेला नाही. १९७१ च्या मेमध्ये लेनिन स्टेडियमवर त्याच्या निरोपाच्या सामन्याला लाखभर माणसे लोटली. आरिकानंतर त्याच्यावर शिट्ट्या मारणारेही त्यांत असतीलच.