पाव गोळीचा हिशेब

आमच्या राजोडीत "त्याला टाटाला नेलंय" असं कुणी म्हटलं, की पुढे कुणी काही विचारत नाही. नालासोपाऱ्याला लोकल पकडून परळ गाठायचं, एवढं सगळ्यांना कळतं. पण हे रुग्णालय उभं राहिलं त्यामागे रक्ताच्या कर्करोगाने झालेला एक मृत्यू आहे, हे मला फार उशिरा कळलं.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. वय अवघं ५१. पैशाला तोटा नव्हता, पण औषधच नव्हतं! पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल सुरू केलं.

औषध निघालं अमेरिकेत. गर्ट्रूड एलियन रसायनशास्त्र शिकलेली, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी घेईना. काही काळ तिने शाळेत शिकवलं, म्हणजे आमच्यातलीच! पुढे जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली तिने ६-मर्कॅप्टोप्युरिन तयार केलं. पेशीला वाढताना डीएनए बांधावा लागतो. हे औषध म्हणजे त्या बांधकामातली खोटी वीट. पेशी ती उचलते आणि काम अडतं. १९५३ साली औषधाला मान्यता मिळाली. एकट्या त्याने आजार काही महिनेच हटायचा. इतर औषधांच्या जोडीने दिल्यावर मुलं खरोखर बरी होऊ लागली. १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं.

इंजेक्शन नाही, घरी घ्यायची गोळी. केवढी सोय! पण गोळी ५० मिलिग्रॅमची आणि मूल तीन वर्षांचं. डोस ठरतो उंची-वजनावर. समजा, ३५ मिलिग्रॅम हवेत. अर्धी गोळी म्हणजे २५, पाऊण म्हणजे साडेसदतीस. मग आईने गोळी मोडायची, चुरा पाण्यात कालवायचा, तोही रोज, वर्ष-दीड वर्ष किंवा जास्तच. कमी पडलं तर आजार परतण्याची भीती, जास्त झालं तर पांढऱ्या पेशी घसरून जंतुसंसर्गाची. त्यात आपल्याकडच्या काही मुलांच्या जनुकांत असा फरक असतो, की त्यांना नेहमीचा डोस झेपतच नाही, फार थोडा लागतो.

युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०१४ साली हे औषध पातळ स्वरूपात आलं. आपल्याकडे २०२४ साली टाटा मेमोरियल, त्यांचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आणि बंगळुरूची आयडीआरएस लॅब्ज यांनी मिळून 'प्रीव्हॉल' आणलं. बाटलीतल्या पावडरीत पाणी मिसळायचं आणि सिरिंजने मोजून तोंडात द्यायचं. बस्स.

वर्गात मी फळ्यावर '१९५३ : औषधाला मान्यता' लिहून पुढच्या धड्याकडे वळलो असतो. पण आपल्याकडच्या लहान मुलाला ते बरोबर मापाने मिळायला आणखी सत्तर वर्षं लागली. मोठ्यांच्या मापाचं औषध मुलांसाठी अर्धंच औषध, नाही का?

असो. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी ही गोळी मोडून देत असतील, तर पातळ औषधाबद्दल डॉक्टरांना एकदा विचारायला सांगा.