मारबुर्गची रिकामी समाधि

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतून एखादी दूरची यात्रा निघावी असा विचार पुढें आला, तेव्हां रोम, लूर्द व फातिमा हीं नांवें सर्वांच्या तोंडीं आलीं. आम्हीं जर्मनींतील मारबुर्ग ह्या विद्यापीठाच्या गांवाचें नांव सुचविलें. त्यावर कांहीं वडील मंडळींनीं साहजिकच विचारलें कीं, जेथील देऊळ आज प्रोटेस्टंटांकडे आहे व जेथील संतिणीची समाधि रिकामी आहे, तेथें कॅथलिक यात्रेकरूंनीं कशाला जावें? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर त्या गांवाच्या इतिहासांतच असल्यामुळें तो इतिहास येथें थोडक्यांत देतों.

हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू ह्याच्या घरीं १२०७ सालीं एलिझाबेथचा जन्म झाला. चार वर्षांची असतांनाच तिला थुरिंगिया संस्थानांत, भावी सासरीं, आणण्यांत आलें; आणि १२२१ सालीं तेथील संस्थानिक लुडविग ह्याच्याशीं तिचा विवाह झाला. राजवैभवांत राहूनहि तिचें लक्ष गोरगरिबांकडे असे. १२२६ च्या दुष्काळांत पति परदेशीं असतां तिनें कोठारें उघडून उपाशी लोकांना धान्य वांटलें व वार्टबुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशीं रुग्णालय काढलें. पुढच्याच वर्षीं क्रूसयुद्धास निघालेला लुडविग इटलींतील ओत्रांतो बंदरीं वारला. तीन मुलांची ती आई विसाव्या वर्षीं विधवा झाली.

१२२८ सालीं ती लान नदीच्या कांठच्या मारबुर्ग गांवीं आली. तेथें तिनें, त्याच वर्षीं संतपदास चढलेल्या असिसीकर संत फ्रान्सिसच्या नांवानें रुग्णालय बांधलें. राजकन्येनें राखी वस्त्र धारण केलें आणि ज्यांच्याजवळ इतर लोक जाण्यास कचरत, त्या रोग्यांना स्वतःच्या हातांनीं न्हाऊं घातलें, भरविलें व त्यांचीं अंथरुणें घातलीं. तिचा आध्यात्मिक गुरु कोनराड हा फार कठोर मनुष्य होता. त्याची शिस्तहि तिनें सोसली. १७ नोव्हेंबर १२३१ रोजीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, तिनें देह ठेविला.

चार वर्षांच्या आंतच, म्हणजे १२३५ सालीं, नववे ग्रेगरी ह्या पोपमहाराजांनीं तिला संतपद दिलें. त्याच वर्षीं ट्यूटॉनिक नांवाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघानें तिच्या समाधीवर देवळाचा पाया घातला. १२३६ सालीं तिचे पवित्र अवशेष समाधींतून वर काढण्यांत आले, त्या सोहळ्यास सम्राट दुसरा फ्रेडरिक जातीनें हजर होता. १२८३ सालीं देवळाचें अभिषेचन झालें. जर्मनींतील अगदीं आरंभींच्या गॉथिक देवळांत ह्याची गणना होते. यात्रेकरूंची तेथें रीघ लागली.

तीनशें वर्षें लोटलीं. हेसचा संस्थानिक फिलिप हा एलिझाबेथच्याच मुलीचा वंशज. त्यानें ल्यूथरचें मत स्वीकारलें आणि १५२७ सालीं मारबुर्ग येथें विद्यापीठ स्थापिलें. तें प्रोटेस्टंटांच्या विद्यमान विद्यापीठांत सर्वांत जुनें होय. बंद केलेल्या मठांच्या इमारती व उत्पन्नें ह्या विद्यापीठास देण्यांत आलीं. १५२९ सालीं गांवावरच्या किल्ल्यांत ल्यूथर व झ्विंगली ह्यांची चर्चा झाली. पंधरांपैकीं चौदा कलमांवर त्यांचें एकमत झालें. परंतु पवित्र भोजनांत प्रभु येशू खरोखर उपस्थित असतो किंवा काय, ह्या एका गोष्टीवर दोघांची फारकत झाली. अखेर १५३९ सालीं फिलिपनें आपल्याच पूर्वज संतिणीचे अवशेष देवळांतून काढविले. यात्रा बंद पडली. पुढें ते अवशेष ठिकठिकाणीं विखुरले. त्यांतील कांहीं आज व्हिएन्ना येथें आहेत. मारबुर्गला उरली ती तेराव्या शतकांतील सोन्यानें मढविलेली पेटी, पण रिकामी.

येथें इतिहास संपला असें वाटेल. पण तो संपला नाहीं. ज्या फिलिपनें समाधि रिकामी केली, त्याच फिलिपनें १५३३ सालीं हाइना येथील मठाच्या जागीं खेड्यांतील गरीब रोग्यांसाठीं रुग्णालय काढलें. मठ गेला ह्याचें आम्हांस दुःख आहे; तथापि रोग्याची सेवा थांबली नाहीं, हें नाकारतां येत नाहीं. देवळाचें नांवहि आजतागायत एलिझाबेथचेंच आहे. हाडें हलवितां आलीं. सेवेचा धडा हलवितां आला नाहीं.

हें आपणांस सहज समजावें. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं गेला व त्यांतील मठ आणि देवळें ओस पडलीं. आज तेथें छप्पर नाहीं, वेदी नाहीं. पण भोंवतालच्या गांवांतील श्रद्धा काय ओस पडली? शिवाय जर्मन भूमीचें ऋणहि आपल्यावर आहे. १९०३ सालीं त्या काळच्या अहमदनगर जिल्ह्यांत "निरोप्या" मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन जेज्वीट होते. पहिल्या महायुद्धांत जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला. त्यांनीं लावलेलें रोप मात्र वाढत राहिलें.

आतां बेताविषयीं. फ्रँकफुर्टहून मारबुर्गला आगगाडीनें सुमारें एक तास लागतो. जुनें गांव चढावर आहे; वृद्धांसाठीं वर जाण्यास पाळण्याची सोय आहे. पहिल्या दिवशीं कुगेल नांवाच्या कॅथलिक देवळांत मिस्साबलीस हजर राहावें. पंधराव्या शतकांत हें देऊळ बांधणाऱ्या धर्मबंधूंच्या टोपीवरून त्यास तें नांव पडलें. नंतर एलिझाबेथच्या देवळांत पाहुण्यांस साजेल अशा मर्यादेनें जावें, समाधीपाशीं मनांतल्या मनांत प्रार्थना करावी व ती सुवर्णपेटी पाहावी. दुसऱ्या दिवशीं किल्ला व विद्यापीठ पाहावें. संतिणीचा सण १७ नोव्हेंबरला, जर्मनींत १९ नोव्हेंबरला येतो. पण तेव्हां तेथें थंडी कडक असते, म्हणून सप्टेंबर महिना बरा.

आमची एकच अट आहे. जो यात्रेस नांव देईल, त्यानें निघण्यापूर्वीं तीन महिने, आठवड्यांतून एकदां, गांवांतील एखाद्या आजारी किंवा एकाकी माणसाची सेवा करावी. आणि ज्यांना पैशाच्या किंवा प्रकृतीच्या अडचणीमुळें निघतां येणार नाहीं, त्यांनींहि ही सेवा केली, तर त्यांची यात्रा घरबसल्या घडली असें आम्ही समजूं. वडील मंडळींच्या प्रश्नास आमचें हेंच उत्तर आहे. समाधि रिकामी असली तरी रोग्याचें अंथरूण रिकामें नाहीं. आणि संत एलिझाबेथ सांपडावयाची ती तेथेंच. तिच्या विनवणीनें परमेश्वर आपल्या धर्मग्रामास सेवेची बुद्धि देवो.