प्रस्तावना : आयाम समजून घेताना

वरखाली किंवा मागेपुढे होणारी राशी मध्यापासून जास्तीत जास्त किती दूर जाते, त्याचे माप म्हणजे आयाम. व्याख्या सोपी आहे. पण ती वापरताना प्रत्येक शास्त्रात तीन गोष्टी विचाराव्या लागतात. मध्य कोणता धरला? मोजले काय? आकडा मध्यापासूनचा, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विहिरी पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. मेमध्ये खोल गेलेले पाणी पावसाळ्यानंतर 8 मीटर वर आले, तर आयाम 4 मीटर. शेतकरी मात्र 8 मीटरच सांगेल आणि त्याच्या कामाचा आकडा तोच आहे. शिवाय पाणी चढते झपाट्याने, उतरते हळूहळू. त्यामुळे वर्षाची सरासरी पातळी दोन टोकांच्या बरोबर मधोमध असेलच असे नाही. मध्य ठरवणे हा अभ्यासकाने विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे.

आयाम केवळ कारणाने ठरत नाही, माध्यमानेही ठरतो. समजा, 100 मिलिमीटर पाणी जमिनीत मुरून भूजलाला मिळाले. झिजलेल्या बेसाल्टच्या थरात घनफळाच्या 2 टक्के जागा साठवणीला असेल, तर पातळी 5 मीटर चढेल. प्रवराकाठच्या गाळात तीच जागा 10 टक्के असेल, तर 1 मीटरच. मुरलेले पाणी तेवढेच, चढ मात्र पाचपट. मोठा आयाम पाहून पाणी मुबलक आहे असे समजू नये. साठवण तुटपुंजी असल्याचेही ते लक्षण असते.

हीच दृष्टी ठेवून इतर शास्त्रांत शिरावे. ध्वनीत आयाम हवेच्या दाबातल्या चढउताराचा असतो. तो दुप्पट झाला की तीव्रता चौपट होते. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप एकच, पण जवळच्या आणि दूरच्या केंद्रांवर त्याच्या लहरींचे आयाम निराळे. म्हणूनच चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये मांडलेल्या मापनात अंतराची दुरुस्ती आहे. त्यात एका अंकाची वाढ म्हणजे आयाम दहापट आणि ऊर्जा सुमारे 32 पट. हृदयाच्या विद्युत आलेखावर सहसा 10 मिलिमीटर उंची 1 मिलिव्होल्ट दाखवते. तिथेही हृदय आणि त्वचा यांच्यामधल्या ऊतींचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो.

पुंज यांत्रिकीत मात्र व्याख्याच बदलते. तिथला आयाम ही संमिश्र संख्या असते; तिच्या केवल मूल्याच्या वर्गातून संभाव्यता मिळते, हा अर्थ मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्ये लावला. मध्यापासूनचे अंतर इथे उरत नाही, पण वर्ग करण्याची रीत टिकते. शास्त्रांमधले असे नाते उलगडणे हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

बारावीपर्यंतचे गणित इथे पुरेसे आहे. भौतिकीच्या विद्यार्थ्यांनी भूजलाचे प्रकरण वगळू नये आणि शेतीच्या विद्यार्थ्यांनी पुंज यांत्रिकीला घाबरू नये. शक्य असेल त्यांनी गावातल्या एका विहिरीची पातळी वर्षभर नोंदवावी आणि पहिल्या प्रकरणातली सूत्रे त्या नोंदींवर स्वतः पडताळून पाहावीत.