भिंगापुढची काच आणि कॅमेऱ्याशेजारचा पडदा

‘बेन-हर’ म्हटले की बहुतेक वाचकांना १९५९ सालचा भव्य रंगीत चित्रपट आणि त्यातील रथांची शर्यत आठवते. ल्यू वॉलेस यांच्या त्याच कादंबरीवर १९२५ साली एक मूकपट निघाला होता, याचे स्मरण फार थोड्यांना असेल. फ्रेड निब्लो यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या मूकपटात बेन-हरची आई व बहीण ख्रिस्तकृपेने कुष्ठरोगातून मुक्त होतात. चेहऱ्यांवरील चट्टे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विरून जातात. मध्ये कोठे चित्र तुटत नाही, की एका चित्रावर दुसरे चढत नाही. कथेतील चमत्कार कादंबरीकाराचा होता. पडद्यावरचा चमत्कार मात्र कार्ल स्ट्रस या छायालेखकाचा, आणि त्याचे साधन होते भिंगापुढे धरलेल्या रंगीत काचा!

युक्ती ऐकल्यावर सोपी वाटते. नट्यांच्या चेहऱ्यांवर चट्टे काढले होते ते लाल रंगाने. भिंगापुढे हिरवी काच असेल तर लाल रंग तिच्यातून पार होत नाही. कृष्णधवल फिल्मवर तो काळा उमटतो. तीच काच हळूहळू सरकवून लाल काच पुढे आणली की लाल चट्टा आणि गोरी त्वचा सारखीच उजळ दिसू लागते. रोग गेला! सहा वर्षांनी, १९३१ साली, रूबेन मामुलियन यांच्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ या चित्रपटात स्ट्रस यांनी हीच युक्ती उलट्या दिशेने चालविली आणि सज्जनाचा दुर्जन करून दाखविला. मामुलियन यांनी हे गुपित पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगितले नाही.

ही किमया आणखी दहा वर्षे आधी सहजासहजी साधली नसती. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल ओठ काळे दिसत, आणि निळ्या रंगाला ती अति हळवी असल्यामुळे मेघांनी भरलेले आकाशही कोरे पांढरे उमटे. सर्व रंग जाणणारी पँक्रोमॅटिक फिल्म कोडॅक कंपनीने १९१३ च्या सुमारास खास मागणीवरून आणि १९२२ पासून नेहमीच्या विक्रीसाठी काढली. तेव्हा कोठे काचेचा खरा उपयोग सुरू झाला. पिवळी काच लावली की ढग उठून दिसावेत, लाल लावली की भर दुपारचे आकाश वादळापूर्वीच्यासारखे काळवंडावे!

या काचांना, म्हणजे फिल्टरांना, आजही ‘रॅटन’ हे नाव व क्रमांक असतो. इंग्लंडमधील क्रॉयडन येथे फ्रेडरिक रॅटन यांचा छायाचित्रणाच्या सामानाचा कारखाना होता. तेथे केनेथ मीज नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत. जॉर्ज ईस्टमन यांना आपल्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेसाठी मीज हवे होते. मीज यांनी अट घातली की आमचा कारखानाही घ्या. १९१२ साली ईस्टमन यांनी तो विकत घेतला. एका माणसासाठी कारखाना विकत घेणारे धनी आम्हांस फारसे ठाऊक नाहीत.

रंगीत फिल्म आली तशी काचेची कामगिरी बदलली. १९५२ च्या सुमारास कोडॅकने जी रंगीत निगेटिव्ह काढली, ती स्टुडिओतील पिवळसर दिव्यांच्या प्रकाशाला जुळणारी होती. ती उन्हात नेली तर सारे चित्र निळे पडे. म्हणून बाहेरच्या चित्रीकरणात भिंगापुढे ८५ क्रमांकाची नारिंगी काच लावण्याचा प्रघात पडला. तिच्यामुळे रंग जुळत, पण प्रकाश सुमारे एक-तृतीयांशाने घटे. काही चतुर मंडळींनी ती काच मुद्दाम काढून ठेवून, प्रकाशही कमी घेऊन, दुपारच्या उन्हात चांदणी रात्र निर्माण केली. फ्रेंच लोक या प्रकाराला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९७३ सालच्या प्रसिद्ध चित्रपटाचे मूळ नाव तेच आहे.

एवढ्या काचा, एवढे हिशोब. पण परिणाम प्रत्यक्ष कसा उतरला हे फिल्म धुऊन येईपर्यंत कोणालाच दिसत नसे. चित्रीकरण चालू असताना भिंगातून पाहणारा माणूस एकच, कॅमेरा चालविणारा. दृश्य संपले की दिग्दर्शक त्याच्याकडे वळून विचारी, ‘झाले का ठीक?’ तो मान हलवी, आणि त्या मान हलविण्यावर हजारो डॉलरांचे सेट दुसऱ्या दिवशी मोडले जात. शब्दावर चाललेला असा व्यवहार आज विरळाच.

दिग्दर्शक स्वतःच नट असला म्हणजे पंचाईत वाढे. विनोदी नट जेरी लुईस यांनी १९६० साली मायामी बीच येथील एका हॉटेलात ‘द बेलबॉय’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शन त्यांचे, मुख्य भूमिकाही त्यांची. आपण कसे दिसतो हे तत्काळ कळावे म्हणून त्यांनी फिल्मच्या कॅमेऱ्याला जोडून टेलिव्हिजनचा कॅमेरा बसविला आणि त्याचे चित्र पडद्यावर पाहिले. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. पुढे १९६८ च्या ‘द पार्टी’ या चित्रपटात ब्लेक एडवर्ड्स यांनी दृश्य टेपवर घेऊन लगेच पुन्हा पाहण्याची सोय केली. पीटर सेलर्स आयत्या वेळी सुचेल ते करीत. ते टेपवर पाहून पुढचा विनोद रचला जाई. (सेलर्स यांनी त्यात चेहरा रंगवून बक्षी नावाच्या भारतीय नटाची भूमिका केली होती. ती पाहून आम्हांला हसूही आले आणि थोडे खटकलेही.)

शेजारी ठेवलेला कॅमेरा भिंगाच्या बाजूने पाही, भिंगातून नव्हे. म्हणून पुढे कॅमेऱ्याच्या दर्शकातील थोडा प्रकाश वळवून तेथेच व्हिडिओचा छोटा कॅमेरा बसविण्यात आला. येथे एक मौज आहे. १९३७ सालच्या आरिफ्लेक्सपासून रूढ झालेल्या कॅमेऱ्यांत भिंगामागे फिरता आरसा असतो. फिल्मवर प्रकाश पडतो त्या क्षणी दर्शकात अंधार, आणि दर्शकात उजेड असतो त्या क्षणी फिल्म झाकलेली. म्हणजे पडद्यावर जे क्षण दिसत ते फिल्मवर उमटलेले नसत! चित्र लुकलुके, बहुधा कृष्णधवल असे, आणि धूसरही.

आणि काचेचे काय? आम्हांला सर्वांत रंजक वाटते ते हेच. व्हिडिओचा कॅमेरा अंधार पडला की आपोआप चित्र उजळवितो. छायालेखकाने जाणूनबुजून काच लावून दृश्य काळोखे केले, तर पडद्यावर त्यातले काही दिसत नसे. पुष्कळदा उलटेच दिसे. मुलायम धुके पसरविणारी काच छोट्या पडद्यावर निरुपद्रवी भासे, आणि तीच चाळीस फुटांच्या पडद्यावर नायिकेचा चेहरा पुसून टाकी. ज्याला हे ठाऊक नव्हते तो निर्माता पडद्यासमोर बसून हुकूम सोडू लागला, म्हणजे छायालेखकाला आपल्या प्रकाशमापकावरील आकडा दाखवून वकिली करावी लागे. सर्वांना दिसू लागले खरे, पण जे खरोखर उतरत होते ते अजूनही एकट्यालाच कळत होते.

काही ठिकाणी मात्र या पडद्यावाचून गत्यंतर नव्हते. गॅरेट ब्राउन यांची स्टेडिकॅम, ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या १९७६ च्या चित्रपटात प्रथम वापरलेली, अंगावर बांधून चालावयाची असते. तेथे दर्शकाला डोळा लावताच येत नाही. चिमुकल्या पडद्याकडे पाहूनच पाऊल टाकावे लागते. फ्रान्सिस फोर्ड कोपोला तर १९८२ च्या ‘वन फ्रॉम द हार्ट’साठी एका चंदेरी फिरत्या गाडीत यंत्रे मांडून बसले आणि तेथूनच दिग्दर्शन करू लागले. चित्रपट पडला आणि त्यांना कर्ज फेडण्यात वर्षे घालवावी लागली. दोष गाडीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण नटांपासून दिग्दर्शक दूर गेला, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते.

डिजिटल कॅमेरे आल्यावर पडद्यावरचे चित्र आणि टिपलेले चित्र यांतील अंतर फार कमी झाले. २०११ पर्यंत आरी, पॅनाव्हिजन व आतों या कंपन्यांनी फिल्मचे नवे कॅमेरे करणे थांबविले होते. तरीही फिल्म संपलेली नाही. ‘ओपनहायमर’ या २०२३ च्या चित्रपटासाठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म नव्याने तयार करून दिली. त्याचे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन पडद्यांच्या तंबूत बसत नाहीत. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून ते नटांकडे पाहतात.