पीएचडीनंतरची जागा

पीएचडी झाली आहे, पण प्राध्यापकी अजून दूर आहे, अशा मधल्या काही वर्षांच्या तात्पुरत्या संशोधनाला विज्ञान-अभियांत्रिकीत पोस्टडॉक म्हणतात. त्याचा उगम फेलोशिपमध्ये आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७६ मध्ये सुरू होतानाच वर्षाला ५०० डॉलरच्या २० फेलोशिप ठेवल्या. त्या मिळवणाऱ्यांत डॉक्टरेट झालेलेही काही जण होते. पक्की घडी बसली ती १९१९ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या नव्या डॉक्टरेटधारकांसाठी फेलोशिप काढल्या तेव्हा. पैसा उमेदवाराच्या नावावर असल्याने कोणाकडे काम करायचे, यात त्याचा शब्द चाले. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांनी १९२७-२८ चे वर्ष हार्वर्ड आणि कॅलटेक अशा दोन ठिकाणी काढले, ते याच फेलोशिपवर.

अशी फेलोशिप नसेल, तर काय करावे लागे, हे हरगोविंद खुराना यांच्या वाटचालीत दिसते. १९४८ मध्ये लिव्हरपूलची पीएचडी हाती आल्यावर ते झ्युरिचला व्लादिमिर प्रेलॉग यांच्या प्रयोगशाळेत गेले. काम मिळाले, पण विद्यावेतन नव्हते. साठवलेल्या पैशांवर जेमतेम वर्षभर निभावले. १९४९ मध्ये ते भारतात परतले, तर इथेही नोकरी मिळेना. अखेर एक फेलोशिप मिळाली आणि १९५० मध्ये ते केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे रुजू झाले. पुढे १९६८ चे नोबेल मिळालेल्या माणसाची ही सुरुवात. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी लागेपर्यंत तात्पुरते काम देणारी, सीएसआयआर या भारतातल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची ‘सायंटिस्ट्स पूल’ योजना १९५८ मध्ये आली. खुरानांना ती नऊ वर्षे उशिराची ठरली.

दरम्यान अमेरिकेत पैशाची वाट बदलली. १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले, १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेल्यावर सरकारी निधी भराभर वाढला, आणि त्यातला मोठा वाटा प्राध्यापकांच्या प्रकल्पांना मिळू लागला. फेलोशिप चालू राहिल्या, पण बहुसंख्य पोस्टडॉकांचा पगार आता मार्गदर्शकाच्या हातात आला. या इतिहासातला सर्वांत दूरगामी बदल हाच. जागा शोधणे म्हणजे आवडीचा विषय शोधणे एवढेच उरले नाही. कोणाच्या प्रकल्पात पैसा शिल्लक आहे, हेही शोधावे लागू लागले. ही माहिती जाहिरातीआधी ओळखीपाळखीतून फिरे, त्यामुळे नामवंत मार्गदर्शकाचा विद्यार्थी पहिल्यापासूनच पुढे असे.

तरी अनोळखी माणसाचे पत्रही कधी कामी येई. भौतिकशास्त्रात पीएचडी करून जीवशास्त्राकडे वळलेल्या वेंकी रामकृष्णन यांनी येल विद्यापीठातल्या डोनाल्ड एंगलमन यांना लिहिले. जागा निघाली ती एंगलमन यांचे सहकारी पीटर मूर यांच्याकडे. १९७८ मध्ये तिथे रायबोसोमवर सुरू झालेले काम २००९ च्या नोबेलपर्यंत गेले.

नियतकालिकांच्या शेवटच्या पानांतल्या जाहिराती पुढे इंटरनेटवर गेल्या, आणि एकेक उमेदवार अनेक ठिकाणी अर्ज करू लागला. संस्थाही चांगला माणूस हातचा जाऊ नये म्हणून लवकर उत्तर मागू लागल्या. खगोलशास्त्रात अशा घाईला आळा घालणारे धोरण अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ठरवले, की १५ फेब्रुवारीपूर्वी होकार-नकार देण्याची सक्ती कोणत्याही उमेदवारावर करू नये. ओळखीची जुनी वाट मात्र पुरती बुजलेली नाही: शिफारसपत्रे आजही मागितली जातात.