घडीव दगड

आमचं गाव कात्रजच्या घाटापलीकडं, शिवगंगेच्या खोऱ्यात. माळवं विकायचं ते पुण्याच्या मंडईत. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मी पाचवीत होतो. तात्यांबरोबर, म्हणजे वडलांबरोबर, वांग्याच्या डालग्यांवर बसून पहिल्यांदा पुण्याला आलो.

मंडईची ती आठ कोनांची दगडी इमारत बघून मला वाटलं, हाच पेशव्यांचा वाडा. तात्या हसले. ती इमारत इंग्रजांच्या काळातली, 1886 सालची. गव्हर्नराच्या नावानं तिला रे मार्केट म्हणत, पुढं महात्मा फुल्यांचं नाव दिलं. पुष्कळ वर्षांनी वाचण्यात आलं, की तिच्यावर एवढा पैसा घालायला जोतीरावांचाच विरोध होता. आधी शाळा काढा, असं त्यांचं म्हणणं. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्या त्या माणसाचं नाव त्याच इमारतीला लागलं आणि तिथंच आमचा माल उतरायचा.

आडत्याकडून पट्टी घेतली आणि तात्यांनी मला शनिवारवाड्यावर नेलं. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून मी आत पळालो, तर आत वाडाच नाही. नुसती जोती. थोरल्या बाजीरावांनी 1730 साली पाया घातला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली. 1828 च्या फेब्रुवारीत आग लागली, ती आठवडाभर धुमसत राहिली. सागवान गेलं, दगड राहिला. पडक्या घराची जोती आमच्या गावठाणातही अशीच दिसायची, म्हणून मला ती जागा परकी वाटली नाही.

तात्या तिथल्या हौदाकडं बोट दाखवून म्हणाले, "हितं पाणी कुठनं यायचं ठावं हाय का? आपल्या घाटाखालनं."

मला खरं वाटेना. पण ते खरं होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथनं जमिनीखालून दगडी नळ आणला होता. आठ-दहा किलोमीटर अंतर. ना इंजिन, ना मोटर. नुसता उतार धरून पाणी आणलं. वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधले, हवा जायला आणि आत उतरून गाळ काढायला. पेठांतल्या हौदांवर गावातली माणसं तेच पाणी भरायची. कांद्याच्या वाफ्याला पाट काढताना बोटभर उतार चुकला तर पाणी उलटं फिरतं, हे ज्यानं दारं धरलंय त्याला ठाऊक असतं. तो नळ बांधणाऱ्या गवंड्यांना मी तेव्हापासून मानतो.

आता माझी गोष्ट.

आमच्या मळ्यात बांधाकडंला जुनी बारव होती. कुणी बांधली, कुणाला माहीत नाही. घडीव दगडाच्या पायऱ्या, एका अंगाला दिवा लावायची दिवळी. 1989 ला मी बोअर घेतलं, पाणी लागलं आणि बारवेची गरज संपली. गोठा बांधायला दगड पाहिजे होता. विकत कशाला घ्यायचा, म्हणून बारवेचे दोन ट्रॉल्या दगड काढून पायात घातले. तात्या काही बोलले नाहीत. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत. दिवळीचा दगड तेवढा त्यांनी उचलू दिला नाही. तो स्वतः ओढत नेऊन तुळशीपाशी ठेवला.

गेल्या साली नातवाला घेऊन शनिवारवाड्यावर गेलो. कुणीतरी दगडावर नाव कोरत होतं. मी त्याला खडसावलं. नातू तिथला निळा फलक वाचत होता. राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक, नासधूस केली तर दोन वर्षं कैद नाहीतर एक लाख दंड. वाचून झाल्यावर म्हणाला, "आबा, आपल्या गोठ्याच्या दगडांना किती दंड?" आजीनं त्याला सगळं सांगितलेलं होतं.

दंड काहीच नाही बाळा. कारण आपली बारव कुठल्या यादीत नव्हती. यादीत शनिवारवाडा आहे, पाताळेश्वर आहे, आगाखान पॅलेस आहे. आमच्या जिल्ह्यातली कार्ले-भाजे लेणी, शिवनेरी, लोहगड आहेत. यादीत येणं म्हणजे नुसता मान नव्हे. केंद्राच्या स्मारकाभोवती शंभर मीटरात नवं बांधकाम बंद. शनिवारवाड्याजवळच्या गळक्या वाड्यांत राहणारी माणसं त्यापायी अडकून पडलीत. माझी एक मावसबहीण त्यातलीच. पावसाळ्यात तिच्या घरात पातेली मांडलेली असतात. तिला स्मारकाचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगू? पण कायदा नसता तर ती जोतीही कुणाच्या तरी पायात गेली असती, हे मी स्वतःवरून सांगतो.

औंदा उन्हाळ्यात बोअर आटलं. मी आणि नातवानं बारवेतली बाभळ तोडली, गाळ उपसला. सात पायऱ्या उघड्या झाल्या. खाली ओल लागली. गोठ्यातले दगड आता काढता येत नाहीत, काढले तर गोठा पडंल. तुळशीपाशचा दिवळीचा दगड मात्र दोघांनी पहार लावून परत नेला आणि होता तिथं बसवला. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, बारवेची दप्तरी नोंद करा म्हणून. अर्जात तिचे दगड कुणी काढले, तेही लिहिलंय.