सायकल प्रवासातील सुवाह्य विद्युत् पुरवठा

सायकल प्रवासातील सुवाह्य विद्युत् पुरवठा : सामानासह अनेक दिवसांचा सायकल प्रवास करताना दिवे, मोबाइल दूरध्वनी, मार्गदर्शक उपकरणे, कॅमेरा इत्यादींना लागणारी विद्युत् ऊर्जा बरोबर वाहून नेण्याच्या अथवा वाटेतच निर्माण करण्याच्या पद्धती. या पद्धतींचे तीन मुख्य प्रकार आहेत : संचायक विद्युत् घट, चाकाच्या गतीवर चालणारे जनित्र व सौर घटपट्ट. रत्नागिरी जिल्ह्यातील किनारी मार्गासारख्या चढउताराच्या, खाड्यांनी तुटलेल्या व दीर्घ पावसाळ्याच्या प्रदेशात या तिन्ही प्रकारांचे गुणदोष स्पष्टपणे दिसून येतात.

इतिहास : सायकलस्वाराची विजेची गरज प्रथम दिव्यापुरतीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेलाचे दिवे व त्यानंतर कॅल्शियम कार्बाइडावर पाणी ठिबकवून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळणारे दिवे सायकलींना लावीत. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला होता. पण त्या तत्त्वावर चालणारी सायकलची छोटी जनित्रे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झाली. टायरच्या कडेला घासून फिरणारे बाटलीच्या आकाराचे जनित्र भारतात ‘डायनामो’ याच नावाने घरोघरी परिचित झाले. इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ मध्ये चाकाच्या तुंब्यातच बसविलेले जनित्र बाजारात आणले. त्यात टायरचे घर्षण नसल्याने पावसात घसरण्याचा दोष टळला.

दुसरी परंपरा विद्युत् घटांची आहे. आलेस्सांद्रो व्होल्टा यांची घटमाला (१८००), गास्ताँ प्लांते यांचा शिशाचा संचायक (१८५९) व झॉर्झ लक्लांशे यांचा घट (१८६६) हे तिचे प्रमुख टप्पे होत. लक्लांशे घटापासून विकसित झालेल्या कोरड्या घटामुळे हातातील विजेरी शक्य झाली. मात्र एकदा संपलेला कोरडा घट टाकूनच द्यावा लागे. पुन्हा भारित करता येणारा, हलका व अधिक ऊर्जा साठविणारा लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला आणि प्रवासातील विजेचे स्वरूप पालटले. या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकीरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा या तिघांनी १९२८ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांच्या काळी नकाशा कागदाचा होता आणि निरोप टपालाने अथवा तारेने जात असे. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली व पुढे नकाशा, छायाचित्रण, संपर्क आणि पैशांची देवघेव ही सारी कामे एकाच उपकरणात एकवटली. घट संपला की या सर्व सोयी एकदमच बंद पडतात. त्यामुळे पूर्वी केवळ प्रकाशासाठी लागणारी वीज आता प्रवाशाच्या सुरक्षिततेचा भाग बनली आहे. नोकिया कंपनीने २०१० मध्ये सायकलच्या डायनामोवर मोबाइल भारित करण्याचा संच जाहीर केला. ताशी सु. ६ किमी. वेगापासून तो कार्य करू लागे. वीजपुरवठा अपुरा असलेल्या प्रदेशांतील सामान्य सायकलस्वार हा त्याचा अपेक्षित ग्राहक होता.

साधने व कार्य : तुंब्यातील जनित्र ताशी सु. १५ किमी. वेगास ६ व्होल्ट दाबाने ३ वॉट शक्ती देते. त्यातून मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) असतो. तो एकदिश करून ५ व्होल्ट दाबावर स्थिर करणारे परिवर्तक मंडल मध्ये जोडावे लागते. सहा तासांच्या सलग प्रवासात १८ वॉट-तास ऊर्जा निर्माण होते. परिवर्तनातील व्यय वजा जाता ती एक आधुनिक मोबाइल पूर्ण भरण्यासही बहुधा अपुरी पडते.

१०,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या संचायकात (पॉवर बँकेत) घटाच्या ३·७ व्होल्ट दाबानुसार ३७ वॉट-तास ऊर्जा असते. दाब वाढविताना व पुन्हा भारित करताना होणारा ऱ्हास लक्षात घेता तिच्यातून सामान्य मोबाइल सु. दीड वेळा भरतो. म्हणून जनित्राने दिवसा संचायक भरावा व रात्री त्यातून उपकरणे भारित करावी, ही संमिश्र पद्धती सोयीची ठरते. सौर घटपट्ट सामानावर पसरता येतो. पण सूर्याशी त्याचा कोन सतत बदलत असल्याने चालत्या सायकलीवर त्याचे उत्पादन अंकित क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी राहते.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती : वीजनिर्मितीत हा जिल्हा अग्रेसर आहे. कोयना प्रकल्पाचे पोफळी येथील भूमिगत वीजगृह १९६२ पासून कार्यरत असून दाभोळ खाडीजवळ वायूवर व जयगड येथे कोळशावर चालणारी केंद्रे उभारण्यात आली. तथापि किनाऱ्याने जाणाऱ्या सायकलस्वाराची गरज वेगळी आहे. वेसवी, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात आणि प्रत्येक खाडीनंतर सड्यावर चढणारा तीव्र चढ येतो. चढावर वेग ताशी सात-आठ किमी.पर्यंत घटतो व जनित्राचे उत्पादन मंदावते. उतारावर ते पुरेसे असते, पण उतार अल्पकाळात संपतो. वर्षाकाठी ३०० सेंमी.हून अधिक पडणारा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडत असल्याने त्या काळात सौर पट्टाचा फारसा उपयोग होत नाही. खाऱ्या दमट हवेने जोडणीची धातूची टोके गंजतात. ती कोरडी व झाकलेली ठेवणे आवश्यक असते.

या साधनांचे महत्त्व प्रवासापुरते मर्यादित नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब कोसळून अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी भारित संचायक व छोटे जनित्र दिवा लावण्यास व घरचा दूरध्वनी चालू ठेवण्यास उपयोगी पडतात. मात्र मोबाइल मनोऱ्यांचाच वीजपुरवठा खंडित झाला, तर हातातील उपकरण भारित असूनही संपर्क होत नाही. म्हणून कागदी नकाशा, रोख पैसा व आधी कळविलेला मार्ग यांची जागा ही साधने पूर्णतः घेऊ शकत नाहीत.

सुरक्षितता : लिथियम-आयन घट चिरडला, भिजला अथवा अतितप्त झाला, तर अंतर्गत मंडलसंक्षेप होऊन पेट घेऊ शकतो. तो उन्हात तापणाऱ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवू नये व फुगलेला आढळल्यास वापरू नये. विमानप्रवासात सुटा संचायक हातातील सामानातच न्यावा लागतो; १०० वॉट-तासांहून अधिक क्षमतेच्या संचायकास विमान कंपनीची परवानगी लागते. निकामी घट समुद्रात, खाडीत अथवा उघड्यावर न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावेत.